केनियातील बालगृहाच्या शेतावर स्वयंसेवक म्हणून जावे का?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)

नमस्कार. मी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. (कृषी) केले असून सध्या घरची शेती पाहते. पश्चिम केनियात काकामेगा परिसरात एक बालगृह आहे. त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर मका, भाजीपाला, गायी आणि कोंबड्या आहेत आणि मुलांच्या जेवणाचा बराचसा भाग तिथूनच भागतो. जूनपासून तीन महिने तिथे राहून सकाळी शेतावर काम करायचे आणि दुपारनंतर लहान मुलांना शिकवायचे व सांभाळायचे, अशी संधी एका मध्यस्थ कंपनीने देऊ केली आहे. विमानभाडे सोडून त्यांनी दीड लाख रुपये शुल्क सांगितले. त्यातले बालगृहाला किती जातात, या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर मिळाले नाही. घरच्यांचा विरोध नाही आणि मुलांसाठी काही करावे ही माझी इच्छा मनापासूनची आहे. होकार कळवण्यापूर्वी मी काय काय विचारून घ्यावे?

उत्तर (गेवराई, जि. बीड)

ताई, मी बीड जिल्ह्यात मुलांच्या निवासी संस्थांमध्ये बरीच वर्षे काम करतो, म्हणून शेतीचे सोडून मुलांविषयीच लिहितो. सर्वांत आधी हे विचारा की तिथल्या किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने २००९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगभरातील अशा संस्थांमधल्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असतात. आपल्याला यात नवल वाटू नये. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे आपल्याकडचे आईबाप शाळा बुडू नये म्हणून लेकराला आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवतात, पण म्हणून त्या लेकराला कोणी अनाथ म्हणत नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर नळदुर्गला ‘आपलं घर’ हे बालगृह उभे राहिले, तशी खरोखरच निराधार झालेल्या मुलांची गरज वेगळी असते. गरिबीमुळे घरापासून दूर आलेल्या मुलाला घरी परतण्याची वाट हवी असते, आणि पाहुण्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला ती वाट मोकळी ठेवण्यात फायदा नसतो.

हे मी कुणावर संशय घेण्यासाठी लिहीत नाही. मुले दाखवून देणग्या आणि शुल्क गोळा करण्याचे प्रकार नेपाळ आणि कंबोडियात इतके वाढले की २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्यांची दखल घेतली. खुद्द केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, २०२२ मध्ये नवा बाल कायदा केला आणि मुलांना टप्प्याटप्प्याने संस्थांमधून कुटुंबात परत नेण्याचे दहा वर्षांचे धोरण स्वीकारले. तेव्हा या बालगृहाची नोंदणी आहे का आणि गेल्या काही वर्षांत तिथून किती मुले आपापल्या घरी परतली, हे लेखी मागा. तुमची चारित्र्य पडताळणी त्यांनी मागितली नसेल, तर तेवढ्यावरच नकार द्या, कारण जी संस्था अनोळखी माणसाला चौकशीविना मुलांजवळ राहू देते, ती उद्या दुसऱ्या कुणालाही तसेच राहू देईल.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. तीन महिन्यांसाठी येणाऱ्या ताईच्या गळ्यात चार वर्षांचे लेकरू पहिल्याच दिवशी पडते, आणि तिला वाटते की याने आपल्याला किती पटकन आपले मानले. आमच्या अनुभवात ज्या मुलाची माणसे वारंवार बदललेली असतात, तेच मूल असे कुणालाही चटकन बिलगते. ताई निघून गेल्यावर ते जेवत नाही, अंथरूण ओले करते, आणि पुढे कोणी आले की आणखी घट्ट धरते. म्हणून लहान मुलांना सांभाळण्याचे काम कृपया घेऊ नका. ते तिथे कायम राहणाऱ्या स्थानिक मावशींचे काम आहे.

उत्तर (भोकरदन, जि. जालना)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. ठिबक सिंचनाच्या कामानिमित्त मी काही काळ पश्चिम केनियात होतो, त्यामुळे शेतीपुरते लिहितो. तिथे शिकलेल्या हातांना काम खूप आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत २०१६ मध्ये आणि आपल्याकडे २०१८ मध्ये आली, म्हणजे तुम्ही जी कीड बांधावर उभ्या राहून पाहिली आहे तीच तिथे आहे. पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, भुश्यासारखी विष्ठा दिसली की पाने उलगडून पाहायचे, अळीच्या डोक्यावरची उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडचे चार ठिपके दाखवून द्यायचे, अंडीपुंज हाताने चिरडायचे, पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा. हे तिथल्या शेतमजुरांना नीट शिकवून आलात, तर तुम्ही परतल्यावरही ते काम चालू राहील.

जमिनीच्या बाबतीत मात्र इथले ठोकताळे तिथे चालवू नका. आपली काळी जमीन चुनखडीची, तर त्या भागातली लाल आणि बरीचशी आम्लधर्मी असते. तिथे उलट चुना घालावा लागतो. मातीची तपासणी केल्याशिवाय खताबद्दल एक शब्द बोलू नका. मार्चच्या पावसावर पेरलेला मका जूनमध्ये चांगला वर आलेला असेल, म्हणजे पेरणी तुम्हाला पाहायला मिळणार नाही. जमल्यास फेब्रुवारीच्या अखेरीस जाण्याचे पाहा.

शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. आपल्या ज्वारीतल्या टारफुल्याच्याच जातकुळीतले जांभळ्या फुलांचे परोपजीवी तण तिथे मका पार खाऊन टाकते. त्यावर केनियातल्याच ‘इसिपे’ या कीटकशास्त्र संस्थेने मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक आणि कडेने नेपियर गवत लावण्याची पद्धत विकसित केली आहे. तण आणि खोडकिडा दोन्ही आटोक्यात येतात आणि गायींना चाराही मिळतो.

प्रश्नकर्ती (सेलू)

दोघांचेही मनापासून आभार. मुलांच्या घरवापसीचा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मध्यस्थ कंपनीला वगळून मी आज थेट बालगृहाला पत्र लिहिले आहे. फक्त शेतावरच्या कामगारांसोबत काम करीन, मुलांच्या निवासात राहणार नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे आणि आपण सुचवलेली माहिती मागितली आहे. कागदपत्रांबद्दल कोणी सांगू शकेल का?

उत्तर (लातूर)

केनियासाठी २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ई-टीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक पूर्वपरवानगी, घ्यावी लागते. पर्यटक म्हणून गेलेल्या व्यक्तीला तिथे विनामोबदला कामही करता येत नाही; त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो यजमान संस्थेनेच मिळवून द्यायला हवा. ‘आधी या, मग बघू’ असे म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळते. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरले जाते. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. ते पिवळे प्रमाणपत्र परतीच्या प्रवासातही हाताशी असू द्या. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, काकामेगा भागात हिवताप वर्षभर असतो.