मदत हवी आहे: मामांच्या स्टुडिओतले जुने कॅमेरे ऑनलाइन लिलावात विकावेत का?

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट साइज, सगळं. पुढे पुढे येणारं गिऱ्हाईक फक्त झेरॉक्स विचारायला लागलं आणि करोनात मामांनी शटर ओढलं ते ओढलंच. आता गाळा विकायचा आहे, म्हणून कपाटं रिकामी करतोय.

निघालेला माल: याशिका मॅट १२४जी चामडी केससकट, निकॉन एफएम२ आणि त्याची ५० मिमी लेन्स, दोन आगफा क्लिक थ्री, आणि एक थोरला लाकडी कॅमेरा, भात्याचा, काळ्या कापडात डोकं खुपसून फोटो काढायचा तसला. त्याची लेन्स पितळी आहे. तिच्यावर इंग्रजीत काहीतरी कोरलंय, पण काळं पडल्यामुळे लागत नाही.

एका व्यापाऱ्याने सगळ्याचे मिळून बारा हजार सांगितले. एका कॅफेवाल्याला भिंतीवर लावायला हवे होते, "चालत नसले तरी चालतील" म्हणाला. त्यावर मामा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचं म्हणणं एकच, घेणाऱ्याने त्यात रोल घातला पाहिजे.

जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात टाकली तर दिवसभर "लास्ट प्राइस?" आणि एक "मी आर्मीत आहे, न बघता घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन केला की पैसे जमा होतील". त्याला ब्लॉक केलं.

मामांचा नातू अमेरिकेत असतो. तो म्हणतो ईबेवर लिलाव लाव, एक डॉलरपासून सुरू कर, मी इथून बोली चढवत राहतो. मला हे पटत नाहीये, पण नेमकं काय चुकतंय ते सांगताही येत नाही. शिवाय बोली चढलीच नाही तर निकॉन नव्वद रुपयांत द्यायचा का? ईबे भारतात बंद झालं ना? कुणी इथून कॅमेरे विकले असतील तर सांगा.

— रोहिणी_मिरज

जुनाबाजार:
ताई, नातवाला आधी थांबवा. आपली माणसं बसवून बोली फुगवणं सगळ्याच लिलाव साइटवर निषिद्ध आहे. पकडलं की खातं बंद. आणि समजा त्याचीच बोली सगळ्यांत वर राहिली, तर माल तुमच्याकडेच आणि फी मात्र साइटची.

एक डॉलरची भीती बरोबर आहे, पण अर्धीच. तिथे घेणारा आपली कमाल रक्कम गुपचूप टाकून ठेवतो आणि साइट त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवते. एकाने २०० डॉलर टाकले आणि दुसऱ्याने ९०, तर भाव ९० च्या जरासा वर जाऊन थांबतो. म्हणजे लिलाव रंगायला एकाच वस्तूमागे निदान दोन हट्टी माणसं हवीत. एफएम२ सारख्या शेकड्याने मिळणाऱ्या कॅमेऱ्याला ती त्याच आठवड्यात भेटतील याचा भरवसा नाही. शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकणारे तर फक्त तुमच्या पडेल भावाची वाट बघत बसलेले असतात.

म्हणून निकॉन आणि याशिका ठरावीक किमतीला लावा, घासाघीस करायची सोय चालू ठेवा. किंमत ठरवताना लोक काय मागतायत ते बघूच नका. 'विकले गेलेले' हा फिल्टर लावा, खरा भाव तिथे कळतो. मागायला काय, कुणी काहीही मागतो.

ईबेचं म्हणाल तर बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने घेतलं, तेच पुढे ईबे इंडिया झालं, ते फ्लिपकार्टकडे गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडलं. ते इथल्या इथे विकण्याचं दुकान होतं. परदेशी गिऱ्हाइकाला विकायला मुख्य साइट आजही चालते, पण निर्यात म्हणून. त्यासाठी आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड लागतो, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपये भरून निघतो. नव्या विक्रेत्याला सुरुवातीला मर्यादा असतात, पैसेही लगेच सुटत नाहीत. आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्यूटीमाफी काढलीये, तेव्हा तिथलं गिऱ्हाईक ड्यूटी धरूनच हिशोब करणार.

दोन कॅमेऱ्यांसाठी एवढा खटाटोप? मी तरी करणार नाही. पुण्या-मुंबईत फिल्मवर फोटो काढणारी पोरं पुष्कळ आहेत, त्यांच्या ग्रुपवर टाका. मामांची अटही तिथेच पुरी होईल.

भिंगवाला:
विकायच्या आधी तपासा. निकॉनची लेन्स काढा, अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी. आपल्या हवेत बंद चामडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते, त्यामुळे याशिकाचीही वरचं-खालचं अशी दोन्ही भिंगं बघा. मग मागचं दार उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबा. डांबरासारखा चिकटला तर तो बदलायला झालाय. काम स्वस्त आहे, पण जाहिरातीत लिहायलाच हवं.

एफएम२ बॅटरीशिवाय सगळ्या वेगांवर चालतो, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. कॅमेऱ्यावरचा नंबर एन अक्षराने सुरू होतो का पाहा, तसा असेल तर तो १९८४ किंवा त्यानंतरचा. याशिकाला एक सेकंदाचा वेग लावून बटण दाबा. शटर उघडून तसंच राहिलं तर तेल सुकलंय. तिच्या मीटरची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, त्यामुळे 'मीटर तपासलेला नाही' एवढंच लिहा.

दोष लपवू नका. 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून तक्रार आली की साइट घेणाऱ्याच्या बाजूने उभी राहते आणि परतीचं कुरिअर तुमच्या गळ्यात.

आगफा पोरांना खेळायला द्या.

पेठकर:
कॅफेवाल्यांचा भिंतीवर कॅमेरे ठोकण्याचा सोस कधी संपणार! मामांना माझा नमस्कार सांगा.

नांगरे_तळेगाव:
सगळे निकॉन-निकॉन करताय, खरा जिन्नस तो लाकडी आहे. त्यावर कुठे 'वागीश्वरी' या कंपनीच्या नावाची पट्टी आहे का? केरळात अलप्पुळाला त्यांचे सागवानी कॅमेरे बनायचे, १९४० च्या दशकापासून, आपल्याकडच्या बऱ्याच स्टुडिओंत तेच होते. तसा असेल तर शंभर वर्षांचा नाही.

हे विचारायचं कारण, १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि स्टुडिओवाले नव्या लाकडी पेटीला जुनी विलायती लेन्स सर्रास लावायचे. डॉलमेयर किंवा रॉस या लंडनच्या कंपन्यांची निघाली तर ती पेटीपेक्षा कितीतरी जुनी असू शकते. नंबरवरून साल काढता येतं. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'पुरातन नाही' असा दाखला घ्या, नाहीतर देशातच विका. लिलाव शोभतो तो याच वस्तूला, कारण हिला ठरलेला भाव नाही आणि हट्टी गिऱ्हाईक आहे.

आणि कृपा करून पितळेला पितांबरी लावू नका! मूळ लॅकर (वरचं वार्निश) गेलं की किंमतही गेली. मऊ कोरडं कापड फिरवा, अक्षरांवर मोबाइलचा उजेड आडवा पाडा, वाचता येईल.

रोहिणी_मिरज:
सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च मारून पाहिला. निकॉनची लेन्स स्वच्छ आहे, याशिकाच्या वरच्या भिंगात कडेला धागे दिसतायत. ते भिंग फक्त बघायचं ना, की फोटोतही येतं? लाकडी कॅमेऱ्यावर पट्टीची दोन भोकं आहेत, पट्टी नाही. लेन्सवर 'लंडन' लागलं, पुढे पाच आकडी नंबर आहे, पण दुसरा आकडा ३ की ८ ते कळत नाही. दिवसाउजेडी फोटो काढून उद्या टाकते. पितांबरीचा डबा मामींच्या हातातून काढून घेतला आहे.

भिंगवाला:
वरचं फक्त बघायचं, फोटो खालच्यातून येतो. तरी जाहिरातीत लिहा.