ईपोल: क्लोज केलेल्या सॉकेटचे इव्हेंट येतच राहतात, सीपीयू १००%

भांडुपकर:
मंडळी, डोकं उठलंय. सर्व्हर सी मध्ये लिहिलेला, लिनक्सवर, एकच थ्रेड, कुठल्या सॉकेटवर (नेटवर्क कनेक्शनवर) हालचाल आहे ते सांगायला कर्नलचं ईपोल, तेही लेव्हल ट्रिगर्ड, म्हणजे कारण संपेपर्यंत तोच इव्हेंट परत परत. भिवंडीच्या गोदामांतून फिरणाऱ्या टेम्पो-ट्रकांचे जीपीएस डिव्हाइस टीसीपीने जोडलेले असतात. दिवसभर काही त्रास नाही. संध्याकाळी सातनंतर सीपीयू १००% आणि ऑपरेशन्सवाल्यांचा फोन, "मॅपवर गाड्या गोठल्यात." एसट्रेस (प्रोग्रामचे कर्नलला जाणारे कॉल दाखवणारं टूल) लावला तर पानंच्या पानं हेच:

ईपोल_वेट → १ इव्हेंट, एफडी २३, ईपोलइन | ईपोलआरडीहप
रीड(२३) → −१, ईबॅडएफ
क्लोज(२३) → −१, ईबॅडएफ

एफडी म्हणजे उघड्या सॉकेटचा नंबर, आरडीहप म्हणजे समोरच्याने कनेक्शन मिटवलं, ईबॅडएफ म्हणजे तो नंबर उघडाच नाही. रीडने ० दिला किंवा आरडीहप दिसला की क्लोज, असंच लिहिलंय, म्हणजे २३ आधीच क्लोज झालाय. मॅन पेज (लिनक्सचं मॅन्युअल) म्हणतं, क्लोज केलं की ईपोलमधून आपोआप निघतो. हाताने ईपोल_सीटीएल डिलीट मारलं तर त्यालाही ईबॅडएफ. आणि थोड्या वेळाने सगळं आपणहून शांत! कसारा घाटात रेंज जाते, त्याचा तर हा परिणाम नाही?

रात्रपाळी_अंधेरी:
ईपोलआउट कायम लावून ठेवलंयस का? सेंड बफरमध्ये जागा आहे तोवर ते येतच राहतं. नाहीतर सरळ ईपोलईटी लाव. एकदाच इव्हेंट येईल, मिटलं.

तात्या_गिरगाव:
ईपोलआउटचा संशय एरवी बरोबर होता, पण त्याने फ्लॅग लिहून दिलेत, त्यात आउट कुठे आहे? आणि ईटी लावून काय मिटेल? बोंब थांबेल, दुखणं तसंच राहील. सॉकेट लटकलेलाच असेल, फक्त तुला कोणी सांगणार नाही.

भांडुपकर, घाटाला सोड. रेंज गेली तर फिन (कनेक्शन मिटवतोय हे सांगणारं) पॅकेट येतच नाही, मग आरडीहप कुठून येणार? उलट सर्व्हरला बराच वेळ पत्ताच लागत नाही. तुझ्याकडे फिन व्यवस्थित आलंय. गोदामात ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, डिव्हाइसने शहाण्यासारखं कनेक्शन मिटवलं, असं काहीतरी.

मॅन पेजचं ते वाक्य पुढेही वाच. ईपोलच्या यादीत नोंद असते ती कर्नलमधल्या उघड्या फाइलची, आणि त्या फाइलकडे बोट दाखवणारे सगळे एफडी बंद झाले तरच ती नोंद जाते. चाळीतली खोली तू सोडलीस, पण भाडेपावतीवर आणखी एकाचं नाव असेल तर मालकाच्या लेखी खोली भरलेलीच. हा दुसरा कोण ते शोध. सर्व्हर फोर्क करतो का, म्हणजे स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस (चाइल्ड) सुरू करतो का? तिला सगळे उघडे एफडीही मिळतात. पोपेन, सिस्टिम, काहीही? "सातनंतर" आणि "आपणहून शांत" हे वाचून मला तरी एखाद्या चाइल्ड प्रोसेसचाच वास येतोय.

पुढच्या वेळी सीपीयू चढला की "एसएस -टीएनपी" मार, टीसीपी कनेक्शनची यादी येईल, आणि क्लोज-वेटच्या (समोरून फिन आलं, इकडून क्लोज बाकी) ओळी बघ. शेवटच्या रकान्यात ज्या प्रोसेसचं नाव दिसेल, तोच तुझा चोर.

भांडुपकर:
तात्या, दंडवत! क्लोज-वेटच्या ओळींत आमच्या सर्व्हरचं नावच नाही, सगळीकडे पायथन. क्लायंटला रोज सातला किलोमीटरचा रिपोर्ट मेल जातो, ती स्क्रिप्ट सर्व्हरच पोपेनने चालवतो. स्क्रिप्टला किल मारलं आणि सीपीयू तिथल्या तिथे खाली.

म्हणजे स्क्रिप्ट सुरू होताना जोडलेल्या सगळ्या गाड्यांचे सॉकेट तिच्याकडे गेले, आणि ती संपायच्या आत जी गाडी तुटली तिचा इव्हेंट अडकला, बरोबर? मग क्लोजच्या आधी डिलीट मारलं की झालं ना?

तात्या_गिरगाव:
बरोबर. पण नुसत्या डिलीटने फक्त तुझा लूप शांत होईल. चाइल्डकडे प्रत असेपर्यंत तुझ्या क्लोजने फिन जात नाही, डिव्हाइस तिकडे वाट बघत बसतं. मूळ उपाय: नवं कनेक्शन घेणारा ॲक्सेप्ट काढून ॲक्सेप्ट४ वापर, सॉक_क्लोएक्झेक फ्लॅगसकट, म्हणजे चाइल्डने एक्झेक करताच (दुसरा प्रोग्राम सुरू करताच) प्रती बंद. लिसनिंग (नव्या कनेक्शनची वाट बघणाऱ्या) सॉकेटलाही लाव, नाहीतर स्क्रिप्ट चालू असताना सर्व्हर रिस्टार्ट केलास तर पोर्ट अडकलेला सापडेल. ईपोलच्या एफडीसाठी असाच फ्लॅग घेणारं ईपोल_क्रिएट१ आहेच. डिलीट क्लोजच्या आधी ठेव, त्यात नुकसान नाही.

रात्रपाळी_अंधेरी:
तात्या, एक शंका. २३ क्लोज झाला आणि लगेच नव्या गाडीला २३च मिळाला तर? जुना इव्हेंट नव्या गाडीच्या माथी?

तात्या_गिरगाव:
अगदी. तेव्हा ईबॅडएफही येत नाही, म्हणून ते जास्त वाईट. नव्या गाडीच्या सॉकेटवर रीड होतो, ईअगेन (सध्या वाचायला काही नाही) मिळतो आणि माणूस चक्रावतो. आरडीहप बघून थेट क्लोज करणारा कोड असेल तर भलतीच गाडी तुटते. ईपोलमध्ये नोंद करताना आपण देतो आणि इव्हेंटसोबत जो परत येतो, तो डेटा ६४ बिटांचा असतो. खालच्या ३२ बिटांत एफडी ठेव, वरच्या ३२ मध्ये दर ॲक्सेप्टला वाढणारा काउंटर. इव्हेंट आला की काउंटर जुळतो का बघ, नाही जुळला तर फेकून दे.

भांडुपकर:
आमचा कोड आरडीहपवर थेट क्लोजच करतो. दोन गाड्या विनाकारण तुटल्याची तक्रार आहे खरी, ती मी सिमकार्डवर ढकलली होती. काउंटर आज रात्रीच घालतो.