अनुभव धागा : निकाहानंतर आडनाव – दीन (धर्म) काय सांगतो, कागद काय मागतात

धाग्याचा विषय नेमका ठेवू या. निकाह लावणारे, कागदपत्रं हाताळणारे आणि फिक्ह (इस्लामी धर्मकायदा) शिकवणारे यांनी आपापल्या कामातलं लिहावं.

फिक्ह शिकवणाऱ्या एक बाई

निकाहाने नाव बदलत नाही. इजाब-कबूल (प्रस्ताव आणि स्वीकार), गवाह (साक्षीदार), मेहर (शौहरने वधूला द्यायची रक्कम) यांत आडनावाचा संबंध कुठेच येत नाही. आधार आहे कुरआनातल्या सूरह (अध्याय) अल-अहजाबची आयत 5 : माणसांना त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारा. पैगंबरांचे मानसपुत्र झैद बिन हारिसा (बिन म्हणजे ‘चा मुलगा’) यांना लोक झैद बिन मुहम्मद म्हणत, ते या आयतीनंतर थांबलं. पैगंबरांच्या (स.) पत्नीही आयेशा बिन्ते (‘ची मुलगी’) अबू बक्र, हफ्सा बिन्ते उमर अशाच ओळखल्या गेल्या.

मनाई आहे ती जाणूनबुजून दुसऱ्याला बाप म्हणवण्याची. शौहरचं आडनाव लावणारी मुलगी असा दावा करत नाही, म्हणून बरेच उलेमा (धर्मपंडित) ते केवळ ओळख म्हणून जायज मानतात. काही ते सरळ नाजायज ठरवतात. परवानगी देणारे दाखला देतात तो बुखारी या हदीससंग्रहातल्या झैनबचा. ‘कोणती झैनब?’ या पैगंबरांच्या प्रश्नाला उत्तर आलं, ‘इब्न मसऊदची पत्नी’, आणि त्यावर हरकत घेतली गेली नाही. माझं मत : वडिलांचं नाव पुसून त्या जागी शौहरचं नाव घालू नये. शौहरची सक्ती तर मुळीच चालत नाही, तो त्याचा हक्कच नाही.

निकाहनामे लिहिणारे

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. घरचे लोक कौतुकाने वधूचं नाव नव्या आडनावासह लिहायला सांगतात. ते लिहू नका! निकाहाच्या क्षणी त्या नावाचा एकही ओळखपत्राचा कागद नसतो, त्यामुळे पुढे जुनं नाव आणि नवं नाव जोडणारा दुवाच उरत नाही. पासपोर्टवर आहे तसं, अक्षर न अक्षर लिहा. वडिलांचं नाव पूर्ण. ‘मोहम्मद’चं स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, हे सही होण्याआधीच पकडा.

कागदपत्रांचं काम करणारी

बदलायचंच ठरलं तर क्रम पाळा : आधी विवाह नोंदणीचा दाखला, मग मुख्य ओळखपत्र, मग पासपोर्ट, मग बँक, शेवटी बाकीचं. बँक आधी बदलली की ओळखपत्र जुळत नाही आणि व्यवहार अडकतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळलंच पाहिजे, तेव्हा चालू व्हिसावरचा प्रवास उरकून मगच पासपोर्टला हात लावा. पदव्यांवर साधारणपणे जुनंच नाव राहतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र कायम जवळ ठेवावं लागतं. तलाक झाला आणि जुनं नाव परत हवं असलं, तर ही सगळी साखळी पुन्हा.

आडनाव न बदलणाऱ्यांनी एकच काळजी घ्यावी. मुलांना वडिलांचं आडनाव असतं. आई एकटी त्यांना घेऊन परदेशी जाताना दोन्ही पालकांची नावं असलेला जन्मदाखला आणि वडिलांचं संमतीपत्र सोबत हवं.

वारसाहक्काची प्रकरणं बघणारे

आडनाव बदललं म्हणून हिस्सा बदलत नाही. शौहरच्या मालमत्तेत विधवेला मुलं असल्यास 1/8, नसल्यास 1/4. हे सिद्ध होतं ते निकाहनाम्याने, आडनावाने नव्हे. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला भावाच्या निम्मं मिळतं, आणि तिथे ‘ही त्यांचीच मुलगी’ हे दाखवायला वडिलांचं नाव असलेला जन्मदाखला लागतो. तो हरवू देऊ नका.

नवमुस्लिम बहिणींसाठी

वडील मुस्लिम नाहीत म्हणून त्यांचं नाव सोडायचं नसतं. इक्रिमा हे इस्लाम कबूल केल्यावरही इक्रिमा बिन अबी जहलच राहिले, आणि त्यांचे वडील अबू जहल यांचं इस्लामशी वैर सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतःचं नाव बदलावं लागतं ते अर्थ वाईट असला तरच. निकाहासाठी कुणी ‘आधी अरबी नाव घ्या’ म्हणालं, तर त्याची शरई (शरियतची) अट कुठे आहे ते विचारा.

फिक्हवाल्या बाई (पुन्हा)

एक राहिलं. तुर्कस्तानात पत्नीने पतीचं आडनाव लावणं आलं ते 1926 च्या नागरी कायद्याने, तर इराणमध्ये स्त्रिया कागदोपत्री माहेरचंच आडनाव ठेवतात. त्यामुळे ‘मुस्लिम देशांत असंच करतात’ हा आधार कुठल्याच बाजूने देता येत नाही.