गॉल्जींना अर्धं नोबेल कशासाठी?

वाकडी_रेघ
१९०६चं वैद्यकाचं नोबेल दोघांत वाटलं गेलं, इटलीचे कामिल्लो गॉल्जी आणि स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल. मेंदू सुट्या सुट्या पेशींचा बनलाय, हे काहालनी दाखवलं. गॉल्जींच्या मते सगळं एकच सलग जाळं. बरं, मत चुकलं तर चुकलं. पण स्टॉकहोमच्या भाषणात हा गृहस्थ त्याच पेशीसिद्धान्तावर तुटून पडला, तेही काहाल समोर बसलेले असताना! निष्कर्षच चुकला त्याला अर्धा वाटा का?

खलबत्ता
साफ असहमत. काहालनी पाहिलं ते कशाच्या जोरावर? १८७३मध्ये गॉल्जी इटलीतल्या आब्बियातेग्रास्सोच्या रुग्णालयात होते, प्रयोगशाळा म्हणजे तिथलं एक स्वयंपाकघर. तिथे त्यांनी पेशी रंगवायची पद्धत शोधली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये घट्ट करायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. मोजक्याच पेशी रंग घेतात, पण घेतात त्या पार टोकापर्यंत. पिवळट काचेवर काळं कुळकुळीत झाड. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता डांबराचा गोळा दिसला असता.

वाकडी_रेघ
मग ते झाड १४ वर्षं डोळ्यासमोर असून यांना जाळंच का दिसलं? काहालनी १८८७मध्ये माद्रिदला मानसोपचारतज्ज्ञ सिमारोंकडे अशी स्लाइड पहिल्यांदा पाहिली आणि पुढच्याच वर्षी पक्ष्यांच्या लहान मेंदूवरचा निबंध छापला, तोही स्वतःच काढलेल्या नियतकालिकात, पदरचे पैसे घालून. पिल्लं आणि भ्रूण घेतले, कारण तंतूंवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त, वेष्टण चढलं की हा रंग नीट धरत नाही. घनदाट जंगल कळत नसेल तर रोपवाटिकेत जा, असा त्यांचा हिशोब. रंगवायची क्रियाही दोनदा करायचे. याला नुसतं 'दुसऱ्याचं तंत्र वापरलं' म्हणायचं?

निळी_शाई
दोघेही थोडं दमानं घ्या. कॉलेजात स्लाइड रंगवताना माझ्या दहातल्या आठ वाया जायच्या, आणि तोही साधा रंग. तंत्र 'दिलं' आणि 'चालवलं' यात फार अंतर असतं. काहाल १८८९मध्ये बर्लिनच्या परिषदेला स्वतःच्या स्लाइड घेऊन गेले, तिथे कोलिकरांसारख्या बड्या शरीररचनातज्ज्ञाने डोळा लावून पाहिलं, तेव्हा कुठे युरोपात नाव झालं. चेतापेशीसाठी ‘न्यूरॉन’ हा शब्द मात्र १८९१मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डेयरनी रूढ केला. त्यांना नोबेल कुणीच दिलं नाही, ते सोडा.

खलबत्ता
आणि जाळं अगदीच खोटं नाही हं. २०२३मध्ये टेनोफोर या समुद्री जिवात चेतापेशींचं एकमेकींत मिसळलेलं सलग जाळं सापडलंय.

वाकडी_रेघ
त्या जिवाला मेंदूच नाही हो! वाद मेंदूचा चाललाय. रंगासाठी पाव वाटा देतो, भाषणासाठी शून्य.