अनुभव धागा: अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत स्थानिक बातमी दारापर्यंत येते तेव्हा

बर्फ येणार, पूर येणार, धूर पसरला, शहराने नवा नियम काढला हे बातम्यांत कळतंच. पण किती इंच पडल्यावर गाडी हलवायची, घरात पारा कितीवर आला की तक्रार करता येते, हे त्या दोन मिनिटांच्या बातमीत क्वचितच येतं. नवीन आलेल्या माणसाचं नुकसान नेमकं तिथेच होतं. म्हणून हा धागा काढते आहे. आपापल्या शहराचं जे पक्कं माहीत आहे ते लिहा: आकडे, वेळा, काय चुकतं आणि का. नुसतं 'काळजी घ्या' नको, ती सगळेच घेतात.

न्यूयॉर्क, क्वीन्स

थंडी सुरू झाली की इथे 'घरात हीट नाही' ही बातमी दर वर्षी येते, म्हणून आधी त्याबद्दल. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीट सीझन. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेरचा पारा ५५ फॅरनहाइटच्या खाली गेला, तर घरात किमान ६८ हवेत. रात्री १० ते सकाळी ६ मात्र बाहेर काहीही असो, आत ६२ पाहिजेत. गरम पाणी वर्षभर, १२० फॅरनहाइट. हे घरमालकाच्या मर्जीवर नाही, कायदा आहे.

तक्रार टिकते ती नोंदींवर. साधा थर्मामीटर खोलीच्या मधोमध ठेवा. रेडिएटरजवळ किंवा खिडकीत ठेवलात तर आकडा खोटा येतो. दिवसातून तीनदा फोटो काढा आणि वेळ, बाहेरचं तापमान लिहून ठेवा. मग ३११ ला (शहराच्या तक्रारींचा फोन क्रमांक) फोन करा किंवा त्यांच्या अ‍ॅपवर तक्रार टाका, आणि तक्रार क्रमांक जपा. शहराचं गृहनिर्माण खातं आधी घरमालकाला कळवतं, हीट आली नाही तर इन्स्पेक्टर पाठवतं. तो येईल तेव्हा घरात कोणीतरी असलं पाहिजे, नाहीतर सगळं तिथेच अडतं. इमारतीतल्या चार बिऱ्हाडांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या तर दुखणं एका घराचं नसून बॉयलरचं आहे हे उघड दिसतं.

तोवर स्पेस हीटर वापरत असाल तर तो थेट भिंतीतल्या प्लगला लावा, एक्स्टेन्शन कॉर्डला कधीही नाही. पडदे, गादी, कपडे तीन फूट लांब. ९ जानेवारी २०२२ ला ब्राँक्समधल्या ट्विन पार्क्स इमारतीत स्पेस हीटरमुळे आग लागली आणि १७ माणसं गेली. बरेचसे धुराने गेले, कारण आपोआप बंद व्हायला हवेत असे दरवाजे उघडे राहिले आणि धूर जिन्यात चढला. म्हणून आज घरी गेल्यावर बघा: दार पूर्ण उघडून सोडून द्या. ते आपणहून येऊन खटका बसेपर्यंत बंद झालं पाहिजे. मध्येच अडकत असेल तर त्याचीही तक्रार ३११ वर होते.

जर्सी सिटीहून मॅनहॅटनला जाणाऱ्यांसाठी

५ जानेवारी २०२५ पासून ६० व्या रस्त्यावर आणि त्याच्या दक्षिणेला गाडी नेली की टोल लागतो. ईझीपास (गाडीच्या काचेला लावायचा टोलचा टॅग) असेल तर साध्या गाडीला ९ डॉलर, सोम ते शुक्र सकाळी ५ ते रात्री ९, आणि शनिवार-रविवारी सकाळी ९ ते रात्री ९. उरलेल्या वेळात २.२५ डॉलर. दिवसातून एकदाच लागतो, कितीही वेळा आत-बाहेर करा. हॉलंड किंवा लिंकन बोगद्यातून आलात तर गर्दीच्या वेळात ३ डॉलर वळते होतात, पण ईझीपास असला तरच.

दोन ठिकाणी लोक फसतात. नवी गाडी घेतली आणि तिचा नंबर ईझीपासच्या खात्यात घातला नाही, की टॅग नीट वाचला न गेल्यास घरी बिल येतं, आणि ते दीडपट असतं: १३.५० डॉलर. दुसरं म्हणजे एफडीआर ड्राइव्ह आणि वेस्ट साइड हायवे टोलमधून वगळलेत, हे ऐकून लोक निर्धास्त होतात. त्या रस्त्यांवर राहिलात तरच वगळलेत. ६० च्या खाली उतरून गल्लीत शिरलात की कॅमेऱ्याने टिपलंच.

पुन्हा क्वीन्स

गाडीचा विषय निघालाच आहे तर: झाडूचं चित्र असलेली पाटी म्हणजे रस्ता झाडायची वेळ. त्या वेळात त्या बाजूला गाडी दिसली तर ६५ डॉलर दंड. दिवाळीला हा नियम शहर स्थगित ठेवतं, आपल्या लोकांना ते ठाऊकही असतं. पण मीटर त्या दिवशीही चालू असतो! झाडू माफ म्हणजे मीटर माफ असं नाही. आणि आगीच्या नळापासून १५ फूट, दोन्ही बाजूंना, गाडी लावायची नाही, कायम. तिथे रंगाची खूण नसते, अंतर स्वतः मोजायचं. पाच मोठी पावलं धरा.

शिकागो

बर्फाच्या दिवसांत पार्किंगच्या दोन वेगळ्या बंदी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली: १ डिसेंबर ते १ एप्रिल, रोज पहाटे ३ ते ७, सुमारे १०७ मैल मुख्य रस्त्यांवर पार्किंग बंद. बर्फाचा कणही पडलेला नसला तरी बंद. १ तारखेच्या पहाटे शेकड्याने गाड्या उचलतात, कारण आकाश निरभ्र असतं आणि लोकांना वाटतं नियम बर्फासाठी आहे. टोइंगचे १५० डॉलर, दंडाचे ६०, आणि गाडी पडून राहील त्या प्रत्येक दिवसाचे २५. दुसरी: आणखी सुमारे ५०० मैल रस्त्यांवर, २ इंच किंवा जास्त बर्फ पडला तरच. तिथे वेळ-तारीख नाही, बर्फ मोजायचा. दोन्हींच्या पाट्या वेगळ्या असतात. गाडी लावताना फक्त जवळची पाटी बघू नका, पूर्ण ब्लॉकच्या दोन्ही टोकांपर्यंत चाला. गाडी जागेवर नसेल तर पोलिसांत चोरीची तक्रार द्यायच्या आधी शहराच्या वेबसाइटवर नंबर टाकून शोधा.

घरासमोरचा फुटपाथ: सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मध्ये पडलेला बर्फ रात्री १० पर्यंत काढायचा, रात्रीचा सकाळी १० पर्यंत. वाट ५ फूट रुंद हवी. व्हीलचेअर आणि बाबागाडी जायची तर एवढी लागतेच, म्हणून फावड्याच्या रुंदीची चिंचोळी वाट काढून थांबू नका.

मिठाबद्दल मनापासून सांगतो, कारण सगळीकडे वाया जातं. आधी बर्फ काढा, मग मीठ. १२ औंसाचा कॉफीचा मग भरून मीठ फुटपाथच्या १० चौकटींना पुरतं. दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले की समजा जास्त झालं. पारा १५ फॅरनहाइटच्या खाली गेला की साधं मीठ जवळजवळ काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड घ्या, नाहीतर पाय घसरू नये म्हणून वाळू टाका. जास्तीचं मीठ गटारातून नदीत जातं आणि तिथून परत निघत नाही.

हे तर जिवाचं: गाडी सुरू करण्याआधी एग्झॉस्टच्या नळीभोवतीचा बर्फ हाताने मोकळा करा. नळी बुजलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या आत येतो, त्याला वास नसतो. नव्या घरांत फर्नेसच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर निघतात. वाऱ्याने उडालेला बर्फ त्यांच्यापुढे साचतो आणि फर्नेस बंद पडते. हीट गेली की आधी तिथे जाऊन बघा, मग मेकॅनिकला फोन.

(महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० ला वाजणारा टॉर्नेडोचा (चक्री वावटळीचा) भोंगा चाचणीचा असतो. इतर वेळी वाजला तर खरा समजा आणि तळघरात जा.)

ह्यूस्टन

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी येत नाही. २०१७ च्या हार्वी चक्रीवादळानंतर हे इथे हजारो कुटुंबांना कळलं. पूर विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाचं नाव बातमीत आल्यावर घेऊन उपयोग नाही. केंद्र सरकारच्या योजनेत घराला २,५०,००० आणि आतल्या सामानाला १,००,००० डॉलरपर्यंत. सामानाचा भाग वेगळा मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. भाड्याने राहणाऱ्यांनाही नुसता सामानाचा घेता येतो, आणि हे एजंट बहुतेक सांगत नाहीत.

गाडीचं गणित: ६ इंच वाहतं पाणी माणसाला पाडतं, १२ इंच छोटी गाडी वाहून नेतं. ह्यूस्टनचे फ्रीवेखालचे अंडरपास सगळ्यात आधी भरतात, आणि रात्री पाण्याची खोली दिसत नाही. निघण्याआधी हॅरिस काउंटीच्या पूर सूचना संकेतस्थळावर आपल्या बायूचा (इथल्या संथ ओढ्याचा) गेज, म्हणजे पाण्याची पातळी, बघा.

वीज जाते तेव्हा जनरेटर घरापासून २० फूट दूर, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं हेही घातकच. जुलै २०२४ च्या बेरिल चक्रीवादळानंतर २० लाखांहून जास्त ग्राहक अंधारात होते, तेव्हा हे फार कामाचं होतं.

बोस्टन

थोडक्यात. १ सप्टेंबरला अर्धं शहर घर बदलतं आणि भाड्याचा ट्रक स्टॉरो ड्राइव्हच्या पुलाखाली अडकल्याची बातमी येते. तिथे उंचीची मर्यादा १० फूट. फोनवरचा नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, ट्रकचा नाही.

लॉस एंजेलिस

जानेवारी २०२५ च्या आगींनंतर धुराबद्दल खूप लिहिलं गेलं. घरच्या घरी हवा गाळायचा खोका असा करा: २० इंचाचा चौकोनी पंखा आणि २० बाय २० चे मर्व्ह-१३ (धुराचे बारीक कण अडवणाऱ्या दर्जाचे) फिल्टर चार. फिल्टर उभे करून चौकोन करा, प्रत्येकावरचा बाण आतल्या बाजूला. तळाला पुठ्ठा, वर पंखा, हवा वर फेकणारा. सगळ्या कडा रुंद टेपने पूर्ण बंद. बहुतेकांचं इथेच चुकतं: कोपऱ्यात बोटभर फट राहिली की पंखा तिथूनच हवा ओढतो आणि फिल्टर नुसते शोभेला उरतात. पंख्याच्या चार कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचं गोल भोक असलेलं झाकण लावलं तर हवा आणखी चांगली खेचली जाते. फिल्टर करडे झाले की बदला.

घर सोडण्याच्या सूचनेतले दोन शब्द नीट वाचा. 'वॉर्निंग' म्हणजे सामान गाडीत, वृद्ध माणसं आणि जनावरं असतील तर तेव्हाच निघा. 'ऑर्डर' म्हणजे लगेच निघा.

ह्यूस्टन (वरच्याला जोडून)

पाण्याच्या सूचनेतही असाच फरक आहे. 'उकळून घ्या' असेल तर पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की चालतं. 'पिऊ नका' असेल तर उकळून काहीच होत नाही. आगीनंतर नळात बेंझिनसारखी रसायनं उतरू शकतात आणि उकळल्याने ती जात नाहीत, उलट वाफेतून घरात पसरतात. तिथे बाटलीचंच पाणी, स्वयंपाकालाही. सूचना उठल्यावर फ्रिजच्या आइस-मेकरमध्ये तयार झालेला सगळा बर्फ टाकून द्या, पाण्याचा फिल्टर बदला, आणि गार पाण्याचे नळ काही मिनिटं सोडून ठेवा.