मदत हवी आहे: गोकायामाच्या शाकारलेल्या घरात मुक्काम, सोबत शाकाहारी आई

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आईला (वय 68, गुडघे कुरकुरतात) घेऊन जपानला जातोय. नमस्काराच्या हातांसारखी उतरती, गवताने शाकारलेली गाश्शो घरं तिला बघायची आहेत आणि एक रात्र त्यातच राहायचंय. शिराकावा-गोमधल्या ओगिमाची गावात गर्दी फार, म्हणून गोकायामा या डोंगराळ भागातलं आइनोकुरा गाव पक्कं करतोय. दोन्ही गावं 1995 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यामुळे बघण्यात काही कमी पडणार नाही.

अडलंय ते जेवणाशी. एका घराला भाषांतर करून मेल केला. उत्तर आलं, मासे-मांस वगळू, पण सूप आणि भाज्यांना माशाचं दाशी (चवीसाठी वापरायचं उकळलेलं पाणी) असतंच. कोंबूचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं दाशी चालेल, असं कळवलं. त्यावर आठ दिवस शांतता. गावात रात्री बाहेर जेवायची सोय दिसत नाही. थेपले, मेतकूट नेतोच आहोत, पण यजमानांसमोर डबा उघडणं बरं दिसेल का?

गाडी चालवणार नाही, बर्फात तर नाहीच. शिन-ताकाओका रेल्वे स्थानकाहून बसने आइनोकुरागुची थांब्यावर उतरू. पुढे चढ आहे. गाद्या जमिनीवर असतात, ते आईला चालेल.

हिवाळ्यात तिथे राहिलेलं कुणी आहे का? थांब्यापासूनचा रस्ता बर्फ काढून मोकळा ठेवतात का, आणि माशाशिवायचं जेवण खरंच मिळालं का? मिळालं असेल तर जपानीत नेमकं काय लिहून कळवलंत?