भावाला हायड्रॉक्सियुरिया चालू केलंय, नेटवर कॅन्सरचं औषध दाखवतंय, बंद करायचं का?

पिवळी_छत्री
माझा लहान भाऊ 19 वर्षांचा आहे, सिकलसेल एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेलं. घर सिंदेवाहीकडे, मी नोकरीमुळे पुण्यात. यंदा रोवणीच्या दिवसांत त्याला दोनदा क्रायसिस (दुखण्याचा मोठा झटका) आला, दोन्ही वेळा अ‍ॅडमिट करावं लागलं, मग डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया 500 ची कॅप्सूल रोज एक आणि फॉलिक अ‍ॅसिड असं लिहून दिलं. त्याला महिना होत आला. आता त्याने मोबाईलवर नाव टाकून बघितलं तर ब्लड कॅन्सरचं औषध म्हणून आलं, तेव्हापासून आईचं एकच, तुम्ही लोक माझ्यापासून काहीतरी लपवताय. त्यात परवा परत पाय दुखले म्हणून तो म्हणतो गुणच येत नाही तर खायची कशाला. सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करायला सांगितली होती ती पण राहिलीये कारण तालुक्याला गेलं की अख्खा दिवस मोडतो. काय करू, थांबवू का थोडे दिवस? फोनवर समजावून थकले मी.

चिखल_आणि_धान
ताई पहिले तर आईला सांगा की कॅन्सर नाहीये. मी पण एसएस आहो, कित्येक वर्षांपासून हेच खाऊन राहिलो. औषध मुळात कॅन्सरचं होतं हे खरं, पण सिकलसेलमध्ये ते वेगळ्या कामासाठी देतात, डोसही आपल्या वजनावर काढून बेताचा. लहान बाळाच्या रक्तात जे एचबीएफ म्हणजे बाळाचं हिमोग्लोबिन असते ना, ते परत वाढवते हे, मग लाल पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत तेवढ्या. पण एका महिन्यात काही होत नाही बापा, मला फरक कळायला चार-पाच महिने गेले अन् डॉक्टर पण तेवढंच म्हणतात. मधात दुखलं म्हणजे औषध फेल, असं नाही. अन् क्रायसिस पूर्ण बंद होतो असंही नाही, पहिल्यापेक्षा कमी येतो, दवाखान्यात भरती होणं कमी होते. भर पावसात दिवसभर चिखलात उभा राहिला तर कॅप्सूल बिचारी काय करणार! नखं थोडी काळी पडतील, घाबरू नका.

स्ट्रिप_मोजणारी
मी फार्मासिस्ट आहे. अमेरिकेत मोठ्यांच्या सिकलसेलसाठी हे 1998 मध्येच मंजूर झालं, त्याआधीच्या मोठ्या चाचणीत दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते, म्हणजे भावावर कोणी प्रयोग करत नाहीये. मला खरी काळजी वाटली ती सीबीसी राहिलीये याची. हे औषध बोनमॅरोला जरा दाबून ठेवतं, त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जाऊ शकतात आणि माणसाला बाहेरून काहीच जाणवत नाही, रिपोर्टमध्येच कळतं. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी आणि डोस बसला की दोन-तीन महिन्यांनी तपासणी असते. रिपोर्टमध्ये नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा बघू नका, न्यूट्रोफिलचे (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) टक्के लावा. 4,000 पेशी आणि न्यूट्रोफिल 50 टक्के म्हणजे झाले 2,000, त्याच्या खाली गेलं किंवा प्लेटलेट 80,000 च्या खाली गेले की रिपोर्ट लगेच डॉक्टरांना दाखवायचा. बहुतेक वेळा ते औषध काही दिवस थांबवतात आणि आकडे वर आले की परत देतात, कधी डोस कमी करून. ते ठरवणं त्यांचं काम. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) वाढलेला दिसला तर दचकू नका, या औषधाने तो वाढतोच, उलट पेशंट औषध खरंच खातोय का हे डॉक्टर त्यावरून ओळखतात 😄
एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन खायच्या नाहीत. कॅप्सूल फोडून पाण्यात घालायची नाही. घरात कोणी गरोदर आहे का? असेल तर तिने हात लावू नये.

मावशीची_बटवा
आमच्याकडे पपईच्या पानांचा रस देतात, रक्त वाढतं म्हणे. सोबत लोहाचं टॉनिक द्या.

स्ट्रिप_मोजणारी
लोहाचं टॉनिक प्लीज नको. हिमोग्लोबिन 8 दिसलं की गावात लोक लाल गोळ्या सुरू करतात पण सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून, आणि रक्त चढवलेलं असेल तर लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघून डॉक्टर म्हणाले तरच. पानांचा रस, काढा, जे काही देत असाल ते त्यांना सांगा, लपवू नका.

पिवळी_छत्री
अरे देवा, वहिनीला सातवा महिना आहे आणि सगळ्यांची औषधं तीच काढून देते! आजच फोन करते. अजून एक, आई विचारतेय लग्नाचं काय, आणि ताप आला तर क्रोसिन देऊन बघायचं का?

स्ट्रिप_मोजणारी
वहिनीला सांगा, भावाने आपली आपण काढून खावी आणि हात धुवावेत, भुकटी सांडली तर ओल्या कागदाने पुसून कागद पिशवीत बांधून टाकावा. त्या घाबरल्या असतील तर त्यांच्या डॉक्टरांना एकदा सांगून ठेवा.
लग्नाला काही अडचण नाही, फक्त मुलीची सिकलसेल तपासणी आधी करा, ती एएस (एकच जनुक असलेली, वाहक) निघाली तर प्रत्येक बाळंतपणात एसएस बाळाची शक्यता निम्मी. हे औषध चालू असताना शुक्राणू कमी होऊ शकतात, त्यामुळे मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं, तोपर्यंत गर्भनिरोधक वापरायचं. हे 19 वर्षांच्या मुलाला आईसमोर कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहिलं.
ताप 101 च्या वर गेला तर क्रोसिन देऊन घरी वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखाना. एसएस पेशंटची प्लीहा नीट काम करत नाही, त्यात पांढऱ्या पेशी कमी असतील तर इन्फेक्शन फार पटकन वाढतं.

चिखल_आणि_धान
अन् ताई, स्टॉक संपायची वाट पाहू नका, आमच्या इकडच्या दवाखान्यात कधी कधी माल येतच नाही. दहा-पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घरात असू द्या. पुढच्या खेपेला औषध आणायला जाईल तेव्हाच रक्त देऊन ये म्हणा, दोनदा बस करायची गरज नाही, रिपोर्टचा फोटो तुम्ही मागवून घ्या.